बाळंतपणानंतर चेहऱ्यावर राहिलेले वांग जातात का? आणि 'आठ दिवसांत उजळ' करणारी ट्यूब का महागात पडते?

बारशाचे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. पहिले चार-पाच मेसेज बाळाचे असतात. नाक कुणावर गेलंय, जावळ किती दाट आहे, वगैरे. मग एखादी मावशी लिहिते, "हिचा चेहरा किती काळवंडलाय गं! काही लावत नाही का?"

रात्री अडीच वाजता बाळाला पाजता पाजता ती बाळंतीण एका हाताने मोबाइलवर शोधते, 'डिलिव्हरीनंतर चेहऱ्यावरचे काळे डाग'. पुढचं काम अल्गोरिदम करतो. दुसऱ्या दिवसापासून तिच्या फीडमध्ये लिंबू-बेकिंग सोडा येतो, बटाट्याचा रस येतो, टूथपेस्ट येते आणि 'डॉक्टरांचा सीक्रेट फॉर्म्युला' असलेली एक ट्यूबही येते. ती ट्यूब वापरून आठ दिवसांत गोऱ्या झालेल्या बायकांचे फोटोही येतात.

यातले बरेचसे फोटो खोटे असतील, पण सगळे नसतात. काही ट्यूब खरोखरच आठ दिवसांत फरक दाखवतात, आणि धोका नेमका त्यांच्यातच असतो.

आधी हे डाग येतात कुठून ते पाहू.

गरोदरपणात त्वचेचा रंग का बदलतो?

गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर साधारण दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे तपकिरी पट्टे म्हणजे वांग. डॉक्टर त्याला मेलाझ्मा म्हणतात. सुश्रुतसंहितेत 'व्यंग' या नावाने जवळपास हेच वर्णन आहे: चेहऱ्यावर येणारा, न दुखणारा, पातळ, काळपट डाग. त्यामुळे हा प्रदूषणाचा किंवा फास्ट फूडचा आजार आहे असं जे रील्समध्ये सांगतात, त्यात फारसा दम नाही.

आपल्या त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. मेलॅनिनचं मुख्य काम उन्हापासून पेशींच्या केंद्रकाचं रक्षण करणं. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग बनवतात आणि तो कसा पसरतो यात.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढतात, आणि या पेशींना चालना देणारं संप्रेरकही वाढतं. त्यामुळे पेशी जास्त रंग बनवू लागतात. स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होतो, काखा आणि मांड्यांच्या आतली बाजू काळसर होते, जुने तीळ ठळक दिसतात. बेंबीवरून खाली जाणारी एक पुसटशी रेघ सगळ्यांच्याच पोटावर असते, ती काळी होते. दहातल्या जवळपास नऊ गरोदर बायकांमध्ये यातला काही ना काही बदल दिसतो. (रेघ बेंबीच्या वरपर्यंत गेली तर मुलगा, ही फक्त गंमत आहे. तिचा बाळाच्या लिंगाशी संबंध नाही.)

चेहऱ्यावर मात्र नुसत्या संप्रेरकांनी वांग येत नाहीत. त्यात ऊन मिसळावं लागतं. म्हणून ते कपाळ, गाल अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी येतात. घरात आई-बहिणीला असतील तर शक्यता वाढते, आणि भारतीयांच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे प्रमाण जास्त दिसतं. म्हणजे तिने काही लावलं नाही किंवा काळजी घेतली नाही म्हणून हे झालेलं नसतं. त्या मावशीला एवढं सांगायला हरकत नाही.

मग ते आपोआप जातात का?

बऱ्याच जणींचे जातात. बाळंतपणानंतर संप्रेरकं खाली येतात, पेशींना मिळणारी चालना कमी होते आणि डाग हळूहळू फिकट होत जातात. पोटावरची रेघ, काखा, स्तनाग्रांभोवतीचा रंग हे सगळं काही महिन्यांत बरंचसं उतरतं, जरी ते अगदी पूर्वीसारखं होईलच असं नाही. चेहऱ्याला साधारण वर्षभराचा वेळ द्यावा लागतो. काही जणींचे वांग मात्र वर्षानंतरही राहतात, विशेषतः ऊन चालूच राहिलं तर.

वेळ का लागतो, याचं उत्तर त्वचेच्या रचनेत आहे. त्वचेचा वरचा थर सतत झिजतो आणि खालून नवा येतो. या एका फेरीला साधारण एक महिना लागतो. रंग वरच्या थरात असेल तर काही फेऱ्यांत तो उतरतो. असे डाग तपकिरी आणि कडेला स्पष्ट असतात. रंग खालच्या थरात झिरपला असेल तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि फार चिवट असतो. अनेकींमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. त्वचारोगतज्ज्ञ एका खास दिव्याखाली किंवा भिंगातून पाहून याचा अंदाज घेतात.

या हिशेबाने कोणत्याही सौम्य उपायाचा परिणाम दिसायला निदान आठ ते बारा आठवडे लागणारच. जे काही आठ दिवसांत चेहरा बदलतं, ते त्वचेच्या या चक्राला धरून काम करत नाही. ते वेगळंच काहीतरी करत असतं. त्याच्याकडे वळण्याआधी उन्हाचं पाहू, कारण सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो.

'मी तर घराबाहेरच पडत नाही'

सव्वा महिना घरात असलेली बाळंतीण म्हणते की मला कुठलं ऊन? पण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत रोज सकाळी एक कार्यक्रम असतो. बाळाला कोवळं ऊन दाखवायचं. बाळाला मांडीवर घेऊन गॅलरीत किंवा अंगणात बसते कोण? आईच. बाळाच्या डोळ्यांवर कुंची असते, आईचा चेहरा उघडा.

कोवळ्या उन्हात भाजत नाही, कारण त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण त्यात कमी असतात. पण रंग गडद करणारे यूव्हीए किरण त्यातही असतात, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. शिवाय आता हे स्पष्ट झालंय की आपल्याला डोळ्यांनी दिसणारा प्रकाश, त्यातही निळा-जांभळा भाग, सावळ्या त्वचेत रंग वाढवतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत हा परिणाम फारसा दिसत नाही, म्हणून बाहेरच्या देशांतले जुने सल्ले आपल्याला अपुरे पडतात.

बाळाच्या ड जीवनसत्त्वासाठी हे ऊन लागतंच असंही नाही. भारतातले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. तरी घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल तर त्यावर भांडण करण्यापेक्षा बाळाला आजीच्या मांडीवर द्यावं. आजीलाही बरं वाटतं आणि आईला पंधरा मिनिटं झोप मिळते.

शेक-शेगडीचंही तसंच. शेगडीच्या धगीसमोर चेहरा करून बसणं, चुलीपुढे तासन् तास काम करणं यानेही वांग वाढतात असं डॉक्टरांना आढळतं. अंग शेकायचंच असेल तर चेहरा दूर ठेवावा. आणि बाळंतिणीच्या खाटेखाली बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं हे चेहऱ्यापेक्षा श्वासासाठी जास्त धोकादायक आहे, आईच्याही आणि बाळाच्याही.

नोकरीवर परतल्यावर दुचाकी सुरू होते. पुण्यात काय, नाशकात काय, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळलेल्या मुली बघून बाहेरचे लोक हसतात, पण वांग असलेल्या बाईसाठी ती पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. कापड जाड विणीचं आणि शक्यतो गडद रंगाचं असावं. पातळ शिफॉनची ओढणी फक्त धूळ अडवते. कपाळ उघडं राहतं, तिथे वांग पसरतात, याकडे लक्ष द्यावं.

स्कार्फच्या आत सनस्क्रीन हवंच. एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि पाकिटावर पीए या अक्षरांपुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं असलेलं. एसपीएफ हा आकडा भाजणाऱ्या किरणांचा आहे, पीए हा रंग गडद करणाऱ्यांचा. आपल्याकडे सगळे पहिला आकडा बघतात, वांग असणाऱ्यांनी दुसराही बघायला हवा. आता दिसणाऱ्या प्रकाशाचं काय? तो साध्या पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनने फारसा अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन लागतं. ते डाग झाकतं आणि वाढूही देत नाही. फोटोसाठी काही लावायचंच असेल तर ब्लीचपेक्षा हे केव्हाही बरं.

प्रमाणाचं गणित बहुतेकींचं चुकतं. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं. मुगाच्या दाण्याएवढं लावलं तर पाकिटावर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं. घरात असताना, खिडकीजवळ फार वेळ जात नसेल तर, सकाळी एकदा नीट लावलेलं बहुतेक वेळा पुरतं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन त्वचेच्या वरच राहतात, म्हणून स्तनपानाच्या काळात तीच आधी सुचवली जातात.

मोबाइलच्या उजेडाने वांग वाढतात म्हणून 'ब्लू लाइट क्रीम' विकली जातात. दुपारच्या उन्हातल्या प्रकाशापुढे फोनचा उजेड काहीच नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. रात्रीचा फोन झोप मात्र नक्की खातो.

त्या ट्यूबमध्ये असतं काय?

1975 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस या दोघांनी डाग फिकट करण्याचं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. त्यात तीन औषधं होती. रंग बनवण्याची प्रक्रिया रोखणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचं चक्र वेगवान करणारं ट्रेटिनॉइन, आणि या दोघांनी होणारी जळजळ दाबणारं एक स्टिरॉइड. पुढे त्यात बदल होत गेले, पण 'तिहेरी क्रीम'ची कल्पना तीच राहिली. वांगांवर हा परिणामकारक उपचार आहे आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही तो वापरतात. फक्त मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागांवर आणि लक्ष ठेवून.

भारतात याच तिहेरी मिश्रणाच्या ट्यूब औषधाच्या दुकानात गोरं होण्याचं क्रीम म्हणून विकल्या गेल्या. शेजारीण सांगते, पार्लरवाली सांगते, दुकानदार स्वतःच पुढे करतो. बाई ती पूर्ण चेहऱ्यावर, दिवसातून दोनदा, महिनोन् महिने लावते.

स्टिरॉइड त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह दाबतं. म्हणून आठवडाभरात चेहरा उजळ, नितळ, एकसारखा दिसतो. पुरळ असतील तर तेही बसतात. फोटो खरे असतात ते इथपर्यंत. त्यानंतर त्वचा पातळ होऊ लागते. गालांवर लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, बारीक पुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, उन्हात उभं राहवत नाही. पुन्हा लावली की शांत. त्वचेला जणू त्या ट्यूबचं व्यसन लागतं, आणि बाईला वाटतं की माझी त्वचाच नाजूक आहे, ट्यूब चांगली आहे.

हे इतकं वाढलं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं: 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा'. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 प्रकारची स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आला, पण चिठ्ठी न विचारणारी दुकानं गेली नाहीत.

ओळखायचं कसं? ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यापैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. जी आधीच अशी ट्यूब कित्येक महिने लावते आहे, तिने मात्र हे वाचून ती आज रात्री फेकून देऊ नये. ती कशी सोडवायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतात, नाहीतर वर सांगितलेला लालबुंद टप्पा एकटीने काढावा लागतो आणि बहुतेक जणी तिथूनच परत फिरतात.

तिहेरी क्रीममधल्या बाकीच्या दोन औषधांचीही बाळंतिणीसाठी अडचण आहे. लावलेल्या हायड्रोक्विनोनचा मोठा भाग, साधारण एक तृतीयांशाहून जास्त, त्वचेतून रक्तात जातो. म्हणून गरोदरपणात ते टाळतात आणि अंगावर पाजत असतानाही सहसा देत नाहीत. ट्रेटिनॉइनही गरोदरपणात टाळतात, आणि दुसरी दिवसं कधी राहतील याचा नेम नसतो. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिल्याने त्वचेत निळसर काळा रंग साचतो, जो मूळ वांगापेक्षा वाईट दिसतो आणि जवळपास कायमचा असतो. दक्षिण आफ्रिकेत हे 1970 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि 1990 मध्ये तिथे प्रसाधनांत हायड्रोक्विनोन घालायला बंदी आली.

याहून वाईट असतात त्या बिननावाच्या डब्या. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी गाजली. विशीतली विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण एकच गोरं करणारं क्रीम वापरत होत्या, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास करताना मूळ त्या क्रीममध्ये सापडलं: पारा. त्या बाळंतिणी नव्हत्या, पण क्रीम त्यांना मिळालं होतं ते गावोगावी मिळतं तसंच, ब्युटिशियनकडून.

पारा रंग बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. तो त्वचेतून रक्तात, तिथून मूत्रपिंडात आणि दुधातही उतरतो. आईच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या बाळाला तर तो थेट लागतो. भारतातल्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर बाकी सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचा अंश दशलक्ष भागांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक यातलं काहीच नाही, तिला कुठला नियम लागू होणार? अशी डबी कितीही 'आयुर्वेदिक' किंवा 'इम्पोर्टेड' म्हणून दिली तरी घेऊ नये. आधीच वापरत असेल आणि अंगावर सूज, फेसाळ लघवी अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्यावी.

लिंबू, बटाटा, बेसन

लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचेवर रासायनिक क्रिया होऊन भाजल्यासारखे चट्टे पडतात आणि त्यांचा काळा डाग वांगापेक्षा उठून दिसतो. बेकिंग सोडा आणि टूथपेस्ट नुसती जळजळ देतात. सावळ्या त्वचेचा स्वभाव असा की तिथे कुठलीही जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो. म्हणून पार्लरमधलं ब्लीच बारशाच्या आदल्या दिवशी करणं ही मोठी जोखीम आहे. ब्लीच लव सोनेरी करतं, वांगाचा रंग काढत नाही.

बेसन-हळद-दुधाने कुणाचं फार वाईट होत नाही आणि वांगही जात नाहीत. त्रास होतो तो ते वाळल्यावर खसाखसा चोळून काढण्याचा. नायलॉनची घासणी, खरखरीत टॉवेल, वजरी यांनी रोज घासून मान आणि खांदे काळे करून घेतलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात. बटाटा भाजीत घालावा.

अंगावर पाजताना काय चालतं?

सुरुवात सौम्य साबणाने किंवा क्लिन्झरने चेहरा धुणं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्याने करावी. पहिले तीन-चार महिने एवढंच केलं तरी बऱ्याच जणींना फरक दिसतो. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, फिल्टर न लावता फोटो काढून ठेवावा. रोज आरशात पाहून हळूहळू होणारा बदल कळत नाही.

त्यापुढे जायचं तर अझेलेइक अ‍ॅसिड हे गरोदरपणात आणि स्तनपानातही सुरक्षित मानलं जातं. 10 टक्क्यांपासून 20 टक्क्यांपर्यंत ते मिळतं आणि जास्त ताकदीचं डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरतात. सुरुवातीला चुरचुरतं, थोडी खाज येते, म्हणून एक दिवसाआड लावून सवय करतात. नायसिनामाइड आणि क जीवनसत्त्वाची सीरमही या काळात चालतात. परिणाम माफक असतो, पण त्वचा चिडत नाही. हे सगळं एकाच आठवड्यात सुरू करू नये, नाहीतर जळजळ कशाने झाली ते कळणार नाही. आणि काहीही लावलं तरी बाळाचं तोंड-गाल जिथे टेकतात तिथे, विशेषतः स्तनांवर, लावू नये.

ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचं नाव हल्ली रील्समध्ये फार ऐकू येतं. मुळात रक्तस्राव थांबवण्यासाठीचं हे औषध वांगांवरही उपयोगी पडतं, हे खरं आहे. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. अशा वेळी ते मेडिकलमधून स्वतः आणून खाणं म्हणजे डागासाठी जीव धोक्यात घालणं. लेझर आणि केमिकल पीलचंही घाईने करू नये. आपल्या त्वचेत लेझरने वांग आधी फिकट होऊन नंतर जास्त गडद होऊन परतण्याचे प्रकार होतात.

वांग बरे झाले तरी ती प्रवृत्ती जात नाही, हेही माहीत असावं. पुढच्या गरोदरपणात ते पुन्हा येऊ शकतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही येऊ शकतात. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'माला-एन' अशीच गोळी आहे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ती पहिले सहा महिने तशीही देत नाहीत. तांबी आणि 'छाया' या गोळीत इस्ट्रोजेन नसतं. साधन निवडताना वांगांचा त्रास आहे एवढं एक वाक्य डॉक्टरांना किंवा एएनएम ताईंना सांगितलं तर निवड सोपी होते.

प्रत्येक काळा भाग म्हणजे वांग नव्हे

मानेच्या मागची, काखेतली त्वचा काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागत असेल, तर तो मळ नाही आणि वांगही नाहीत. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. गरोदरपणात ज्यांना साखर निघाली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर तपासायची असते. बाळाच्या लसीच्या धावपळीत ही तपासणी बहुतेक घरांत राहून जाते. मान घासण्यापेक्षा ती करून घ्यावी.

बोटांचे सांधे, नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या असतील आणि सोबत थकवा, हातापायांना मुंग्या, तोंड येणं असं काही असेल तर बी 12 जीवनसत्त्व तपासावं. शुद्ध शाकाहारी आणि दूध-दहीही कमी खाणाऱ्या बायकांत याची कमतरता नेहमी सापडते. इथे प्रश्न आईच्या बोटांपुरता राहत नाही. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला ते जीवनसत्त्व आईकडूनच मिळतं. ते कमी पडलं तर बाळ फिकट, सुस्त दिसतं, हसणं-मान धरणं मागे पडतं, आधी आलेली कौशल्यं हरवतात, कधी हातपाय थरथरतात. वेळेत कळलं तर उपचार साधा आणि स्वस्त आहे.

गालांवर-नाकावर लाल पुरळ येऊन ते उन्हात वाढत असेल, सांधे दुखत असतील, ताप येत असेल, तर ल्यूपसची शंका घेऊन लगेच दाखवावं. बाळंतपणानंतरच्या काळात हा आजार उसळी घेऊ शकतो. एखादाच तीळ वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी होत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर तोही दाखवावा. आणि वर्ष उलटूनही डाग तसेच असतील, तर थायरॉइड एकदा तपासून त्वचारोगतज्ज्ञांना भेटावं. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, नाव नसलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. डॉक्टर चेहऱ्याइतकंच त्या पिशवीकडेही लक्ष देतात.